दोर कुणाचा?

पुलगावच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. अलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा, पलीकडचा अमरावतीचा, आणि वरून मुंबई-नागपूर रेल्वेचा पूल. या पुलाच्या आसपास एक भोई कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्याला सगळा घाट आबाजी म्हणे. सत्तरी उलटली तरी संध्याकाळी डोंग्यातून जाळं टाकायचं, पहाटे काढायचं आणि उन्हं चढायच्या आत मासळी बाजारात पोचवायची, हा नेम त्यांनी सोडला नव्हता.

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री निम्न वर्धा धरणाचं पाणी सुटलं आणि आबाजींचं नवंकोरं तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं पुरात गेलं. जाळं उसनवारीच्या पैशांचं होतं. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. मग दुसरं जाळं आलं, पहिलं विसरलं गेलं. नदीवर हे दरसाल कुणाचं ना कुणाचं होतंच. गेलं ते गेलं, असं म्हणायची रीत आहे आणि त्यापुढे कुणी विचार करत नाही.

डिसेंबरात पाणी उतरलं. पुलाच्या एका खांबाशी पुरात वाहून आलेलं बाभळीचं खोड अडकलं होतं. मरळ अशा जागी दडून बसते म्हणून आबाजींनी डोंगा तिकडे वळवला. खोडाच्या बुडाशी काहीतरी गुंतलेलं दिसलं. बांबूनं उचकटलं तर जाळं वर आलं. त्याला बुचांच्या जागी जुन्या रबरी चपलेचे गोल तुकडे बांधलेले होते. आबाजी तसेच तुकडे कापत. गाठही त्यांचीच, दोनदा फिरवून खालून ओढलेली, बापानं शिकवलेली. घाटावर दुसरं कुणी तशी गाठ मारत नसे.

जाळं जड होतं. त्यात माशांचे सांगाडे होते. एक पाणकावळा होता, पंख अर्धे उघडलेले, चोच जाळ्याच्या घरात अडकलेली. आणि एक कासव होतं, मऊ पाठीचं, चांगलं परातीएवढं. त्याची मान लांब ताणलेली होती, नळीसारखं नाकाड वरच्या दिशेला. तंगूस गळ्याभोवती इतका रुतला होता की कातडी कापून आत शिरला होता. कासवाला हवेसाठी पाण्यावर यावं लागतं. ते यायला धडपडलं होतं आणि जाळ्यानं त्याला येऊ दिलं नव्हतं. या सगळ्यात दोन मासे मात्र ताजे होते. आबाजींनी त्यांचे कल्ले उघडून पाहिले. आत अजून लाल होतं. म्हणजे आदल्या रात्रीच अडकलेले.

आबाजी डोंग्यात बसून राहिले. चार महिने आपण या जाळ्याचं नावही काढलं नव्हतं आणि चार महिने ते रोज रात्री मासे धरत होतं. कुणी काढायला येत नव्हतं, कुणी विकत नव्हतं, कुणी खात नव्हतं.

जाळं ओढत त्यांनी काठावर आणलं आणि काडीपेटी काढली. तेवढ्यात नात डबा घेऊन आली. ती वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती, प्राणिशास्त्र घेऊन.

"आबाजी, हे आपलंच जाळं होय ना? मंग जाळता काऊन?"

"लोकायनं पाह्यलं तं काय म्हनतीन?"

नातीनं काडीपेटी त्यांच्या हातातून घेतली. ती कासवाजवळ बसली, बोटानं तंगूस उचलून पाहिला आणि म्हणाली, "मी आता जे लिहून राह्यली ना कॉलेजसाठी, ते हेच होय. फक्त त्याच्यातलं कासव पन्नास फुटाचं आहे."

ती उत्तर अटलांटिक राइट व्हेल नावाच्या देवमाशावर लिहीत होती. हा आपल्या समुद्रातला नाही. तो अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला, उत्तर अटलांटिकात राहतो. काळाभोर, पाठीवर पर नसलेला, सत्तर टनांपर्यंत भरणारा. आज जगात चारशेही उरलेले नाहीत, आणि पिल्लं देऊ शकतील अशा माद्या तर सत्तरच्या आसपास.

आबाजींनी आयुष्यभर माशांशिवाय काही केलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे प्रश्न मासेमाराचे होते. कोणताही प्राध्यापक विचारणार नाही असे.

"तो खाते काय?"

तांदळाच्या दाण्याएवढे जीव खातो, असं ती म्हणाली तेव्हा त्यांना ते पटेना. सत्तर टनांचं धूड आणि दाण्याएवढा घास! मग तिनं सांगितलं की त्याला दात नसतात. वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना दोनशेहून जास्त पट्ट्या लोंबत असतात, माणसापेक्षा उंच, आतल्या कडेला केस असलेल्या. तोंड उघडं ठेवून तो संथ पोहत जातो, पाणी पट्ट्यांतून बाहेर पडतं, जीव आत राहतात. दिवसाला टनभर तरी असे जीव लागतात.

"म्हंजे तोच एक जाळं होय," आबाजी म्हणाले. आणि लगेच, "मंग तोंड उघडं ठेवूनच फिरते तं दोर आत जाईनच ना!"

नातीनं पुस्तकात चार पानं वाचली होती, ते म्हातारा एका वाक्यात बोलला.

तिकडचे मच्छीमार शेवंड आणि खेकडे धरायला समुद्राच्या तळाशी पिंजरे सोडतात. प्रत्येक पिंजऱ्यापासून, किंवा पिंजऱ्यांच्या माळेपासून, एक दोर सरळ वर येतो आणि वरच्या बोयाला बांधलेला असतो. पिंजरे पाण्यात राहतात, माणूस घरी जातो. अशा हजारो उभ्या दोरांच्या रानातून देवमासा तोंड उघडून जातो. दोर पट्ट्यांत अडकतो, परांना वेढा घालतो, शेपटीच्या देठाला फास बसतो. देवमासा घाबरून गरगर फिरतो आणि वेढे वाढतात. जाणत्या संशोधकांनी फोटो तपासले तेव्हा शंभरातल्या ऐंशीहून जास्त देवमाशांच्या अंगावर दोराचे वण सापडले.

"दोर तुटत नाई?"

इथे आबाजी जरा थांबले, कारण उत्तर त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. त्यांच्या बापाचं जाळं सुती होतं. पुलगाव कापसाचं गाव, गावात कापडाची गिरणी, सुताला काय तोटा! ते जाळं रोज वाळवावं लागे, नाहीतर कुजे. पुरात गेलं तर दिवाळीपर्यंत त्याचा चिखल होई. तंगूस आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला की हे कुजत नाही. कुजत नाही याचा दुसरा अर्थ आज काठावर पडला होता. तिकडेही तसंच झालं. दोर जास्त बळकट होत गेले आणि पूर्वी हिसडा देऊन सुटणारे देवमासे सुटेनासे झाले.

मग नातीनं स्नो कोनची गोष्ट सांगितली.

राइट व्हेलच्या डोक्यावर खरखरीत, जाड कातडीचे पट्टे असतात. त्यावर बारीक उवा राहतात, त्यामुळे ते पांढरे दिसतात. प्रत्येकाच्या डोक्यावरची ही नक्षी निराळी. बोस्टनचं न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियम त्यावरून प्रत्येक देवमाशाची नोंदवही ठेवतं. प्रत्येकाला क्रमांक आहे, कित्येकांना नावं आहेत, कुणाची आई कोण हेही माहीत आहे. स्नो कोन ही त्यातली एक मादी. तिचं पहिलं पिल्लू जून २०२० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापाशी मेलेलं सापडलं. त्याला बोटींची धडक बसली होती. मार्च २०२१ मध्ये ती स्वतः दोरात गुंतलेली दिसली. सोडवणाऱ्या लोकांनी बराच दोर कापला, पण जबड्यात अडकलेला निघेना. त्याच डिसेंबरात जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ ती दिसली तेव्हा तिच्या तोंडातून दोर लोंबत होता आणि अंगाशी नवं पिल्लू होतं.

"दोरासकट बाळंत झाली?"

"हो."

राइट व्हेलच्या मादीच्या पोटात पिल्लू वर्षभर वाढतं. दीड हजारांहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, ऊबदार पाण्यात जाऊन ती विते, आणि तिथे तिला खायला जवळजवळ काहीच नसतं. अंगावरच्या चरबीवर स्वतः जगायचं आणि पिल्लाला दूध पाजायचं. त्यात मागे दोर ओढत पोहणं म्हणजे पिल्लाच्या वाटणीचं बळ दोरावर खर्च करणं. पूर्वी एक मादी तीन वर्षांनी वीत असे, आता सहा-सहा, दहा-दहा वर्षं जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला स्नो कोन पुन्हा दिसली. हाडं वर आलेली, अंगभर उवा, अंगावर आणखी नवा दोर. पिल्लू सोबत नव्हतं. ती जगणार नाही, असं पाहणाऱ्या तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं.

आबाजींनी विचारलं, "दोर कोनाचा होता?"

या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रश्न. मेलेल्या जनावराबद्दल आपण हळहळतो, आणि हळहळ खरीही असते. पण हा माणूस स्वतःच्या चपलेचे तुकडे समोर ठेवून विचारत होता.

बहुतेक वेळा ते कळतच नाही, असं नात म्हणाली. देवमाशाच्या डोक्यावर त्याची खूण असते, बहुतेक दोरांवर कुणाचीच नसते. त्यामुळे प्रत्येक राज्याचा, प्रत्येक देशाचा मच्छीमार म्हणतो, आमचा नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. मग अमेरिकेत दोरावर रंगाची खूण सक्तीची झाली. मेन राज्याच्या मच्छीमारांना २०२० पासून जांभळा रंग मिळाला. २०२४ च्या जानेवारीअखेर मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या किनाऱ्याला तीन वर्षांची एक मादी मरून लागली. शेपटीच्या देठात दोर खोल रुतलेला. दोरावर जांभळी खूण होती.

आबाजींनी काठावरचं जाळं एकदा पाहिलं. त्या दिवशी ते जाळलं नाही. कासवाला त्यांनी वाळूत खड्डा करून पुरलं, आणि जाळं खांद्यावर टाकून घाटावरच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून मासळी विकून झाली की ते पुन्हा नदीवर जाऊ लागले. पुलाचे खांब, डोहातले खडक, बुडालेली झाडं, जिथे जिथे पुराचं पाणी काही सोडून जातं तिथे लोखंडी आकडा टाकून ओढत. दुसऱ्यांची जाळी निघत. कुणाचं हे कळायला मार्ग नसे. नात सुटीच्या दिवशी सोबत जाई. तिनं त्यांना हेही सांगितलं होतं की वर्धेचं पाणी चपराळ्याला वैनगंगेला मिळतं, पुढे प्राणहिता, पुढे गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पुलगावात सुटलेलं जाळं इथेच अडकलं तर इथल्या कासवाचा जीव घेईल, नाही अडकलं तर तिकडच्या.

आबाजींचा एक पुतण्या होता, तिशीतला, हिशेबी, दोन लेकरांचा बाप. त्याला हे आवडलं नाही. तो म्हणाला, "मोठेबाबा, तुमी जाळे काढून राह्यले, चांगलं आहे. पन उद्या लोक म्हनतीन का भोयायनंच नदी मारली. कारखान्याचं पानी, वाळूवाले, त्यायले कोनी पुसत नाई." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गरिबाच्या हातातलं जाळं दिसतं, बाकीचं दिसत नाही. उत्तर अटलांटिकातही देवमासे मारायला दोर एकटा नाही. मोठी जहाजं आहेत. २००८ पासून अमेरिकेत ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत त्यांना वेग १० नॉटच्या आत ठेवावा लागतो, तरी धडका थांबलेल्या नाहीत. समुद्र तापतोय, त्यामुळे दाण्याएवढे जीव उत्तरेकडे सरकले आणि देवमासे त्यांच्यामागे सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले, जिथे त्यांच्यासाठी कसलीही सोय नव्हती. २०१७ या एका वर्षात अमेरिका आणि कॅनडा मिळून १७ मेले.

आबाजींनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "वाळूवाल्याचं वाळूवाल्याले पुसू. हे माह्यं होय."

जानेवारीत पुतण्याच्याच जाळ्यात मऊ पाठीचं कासव आलं, जिवंत. पहाटे त्यानं आबाजींना हाक मारली. कासव मोठं होतं, उलटंपालटं होऊन त्यानं स्वतःभोवती जाळ्याचे सात-आठ वेढे घेतले होते. सोडवायचं तर मधला सगळा भाग कापावा लागणार होता. पुतण्या म्हणाला, "कापलं तं जाळं गेलं. हप्ता कोन भरन?"

आबाजींनी ओलं पोतं कासवाच्या डोक्यावर टाकलं. मऊ पाठीचं कासव मान लांब फेकून चावतं, बोट गेलंच समजा. मग विळा घेऊन ते एकेक धागा तोडू लागले. आधी गळ्याचा, मग पुढच्या पायांचा. हाताला रक्त आलं ते तंगुसानं. शेवटचा धागा तोडायच्या आधी त्यांनी पुतण्याला दूर सरायला सांगितलं.

ही खबरदारी त्यांना नातीच्या गोष्टीतून सुचली होती. कॅनडाच्या कँपोबेलो बेटावर जो हाउलेट नावाचा मच्छीमार होता. शेवंडाचे पिंजरे टाकणं हाच त्याचा धंदा, म्हणजे तोही तसलेच उभे दोर समुद्रात सोडणारा. पण अडकलेले देवमासे सोडवणाऱ्या तिथल्या पथकाच्या संस्थापकांपैकी तो एक. पंधरा वर्षांत त्यानं दोन डझनांच्या आसपास देवमासे सोडवले. १० जुलै २०१७ रोजी सेंट लॉरेन्सच्या आखातात त्यानं एका राइट व्हेलच्या अंगावरचा दोर कापला. देवमासा सुटला, उसळला, आणि त्या क्षणी हाउलेट जागच्या जागी गेला. ५९ वर्षांचा होता. आबाजींनी ही गोष्ट नातीकडून दोनदा ऐकली होती. त्यांना त्याच्या मरणापेक्षा एक वेगळीच गोष्ट लागून राहिली होती. जो कापला तो दोर त्याचा नव्हता.

कासव पाण्यात गेलं. पुतण्याच्या जाळ्याला माणूस जाईल एवढं भोक पडलं. आबाजी घरी गेले आणि स्वतःचं जाळं आणून त्याच्यासमोर टाकलं. "हे घे. तुह्यं मी शिवून घेतो, चार दिवस लागतीन."

पुतण्यानं जाळं घेतलं. लेकरं होती, हप्ता होता, नाही म्हणायची ऐपत नव्हती. पण त्या चार दिवसांत आबाजी घाटावर नुसते सुई-धागा घेऊन बसलेले सगळ्यांनी पाहिले आणि पाचव्या दिवशी पुतण्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत स्वतः उभा राहिला.

तो म्हणाला, मोठेबाबांनी दिलं म्हणून माझं भागलं. मोठेबाबा किती जणांना देतील? उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात कासव आलं तर तो गुपचूप डोकं ठेचेल आणि जाळं वाचवेल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

नातीनं ऐकलेलं तिथे कामाला आलं. समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०१८ च्या डिसेंबरात योजना आणली आहे: संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कोकणातल्या मच्छीमारांनी त्यामुळे कासवं, डॉल्फिन, प्रचंड व्हेल शार्कसुद्धा जाळं कापून सोडले आहेत. लोकांना २०२३ च्या नोव्हेंबरातली गणपतीपुळ्याची बातमी आठवत होती, देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं आणि ते समुद्रात परत न्यायला माणसं जवळजवळ दोन दिवस झटली होती. तरी ते वाचलं नाही. एक जण म्हणाला, नदीवाल्यांनाही भरपाईसाठी अर्ज करू. दुसरा म्हणाला, अर्ज करू, पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत कासव थांबणार नाही.

मग वाद झाला, दोन तास. किलोमागे रुपया कापून सामाईक पेटी करायची, हे निम्म्यांना मान्य, निम्म्यांना नाही. ज्याचं जाळं कधी गेलंच नाही त्यानं का भरावं? जो खोटंच कापून आणील त्याचं काय? आबाजी बोलले ते एकदाच. पेटी नंतर, आधी प्रत्येकानं आपल्या जाळ्याला खूण बांधावी. माझे चपलाचे तुकडे होते म्हणून मला माझं जाळं कळलं. तुमची डझनभर मी नदीतून काढली, एकाचाही मालक सापडला नाही.

कुणाला हे आवडलं नाही. खूण म्हणजे पकडले जाण्याची सोय. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि ते कुणाच्या तोंडून निघेना. शेवटी रंग वाटले गेले: कुणी लाल, कुणी पिवळा, कुणी दोन गाठींचा. पावसाळ्यात ज्याचं जाळं हरवेल त्यानं कुठे हरवलं ते संस्थेत सांगायचं, आणि पाणी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून काढायला जायचं, असं ठरलं. पेटीवर एकमत झालं नाही. अकरा जण भरायला तयार झाले, तेवढ्यांचीच सुरू करायची असं ठरलं.

पुतण्यानं हिरवा रंग घेतला. सचिवाला म्हणाला, "लिहा. कापलेल्या जाळ्याचे पैसे आठ दिसात भेटले पाह्यजे. सीजन संपल्यावर देऊन काई कामाचे नाई." सचिवानं तसं लिहून घेतलं आणि पुढच्या नावाला रंग विचारला.